चक हलायलाय

गेल्या खंडेनवमीला मी गावी गेलो तेव्हा वडिलांनी ड्रिल मशीन विकायला काढलं होतं.

आमचं वर्कशॉप तामलवाडीत आहे. सोलापूरहून तुळजापूरला जाताना टोल नाका लागतो, तेच गाव. वर्कशॉप म्हणजे वर पत्रे, आत एक लेथ, एक वेल्डिंगचं मशीन, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं ओतीव लोखंडाचं ड्रिल मशीन. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, द्राक्षबागांचे अँगल, शेतघरांची गेटं अशी कामं इथे चालतात. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, त्यांना हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी ड्रिल मशीनलाही हार घातला होता. हार घालून झाल्यावर अण्णा म्हणाले, “दिवाळीनंतर ह्याला गिऱ्हाईक बघायचंय.”

मी कारण विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. दाराशी लोखंडी प्लेटांची थप्पी होती. सोलर पंपाच्या स्टँडखाली ज्या चौकोनी प्लेटा लागतात, त्यांची एका ठेकेदाराकडून ऑर्डर होती. एकूण १२० प्लेटा, प्रत्येकीला चार भोकं. त्यातल्या ४१ परत आल्या होत्या. काँक्रीटमध्ये गाडलेल्या बोल्टांवर प्लेट बसत नाही, भोकं इकडेतिकडे गेलीत, अशी तक्रार.

“आता हात बसंना झालाय,” अण्णा म्हणाले. “दोन-तीन वर्सं झाली. वय झालं. चाळीस वर्सं केलं, बास झालं.”

मी पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. दिवसभर दुसऱ्यांनी पाडलेली भोकं मोजणं हाच माझा धंदा. तरी घरच्या मशीनपाशी उभा राहून मला एवढंच म्हणता आलं, की आधी मोजून बघू.

पुढचे पाच-सहा दिवस, म्हणजे कोजागिरीपर्यंत, मी ते मशीन मोजत होतो. आणि मोजता मोजता त्याचा इतिहास शोधत होतो. भोक पाडणं ही गोष्ट आपण किती साधी समजतो! प्रत्यक्षात तिच्यामागे काही हजार वर्षं आहेत, आणि त्यातली बरीचशी आमच्याच जिल्ह्यातून गेलेली आहेत.

सामता

माणसाने फिरत्या टोकाने भोक पाडायला कधी सुरुवात केली? फार पूर्वी. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या जुन्या दफनभूमीत संशोधकांना नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या, ज्यांना जिवंतपणी भोकं पाडलेली होती. काळ सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २००६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. गारेच्या टोकाचं, धनुष्याच्या दोरीने फिरवायचं हत्यार त्यासाठी वापरलं असावं असा निष्कर्ष त्यात आहे. मेहरगढच्या लोकांना मणी भोकायची सवय होती. तेच कसब दाताला लावलं.

आपल्याकडच्या सुतारांपाशी अगदी परवापरवापर्यंत हेच हत्यार होतं. त्याचं मराठी नाव सामता. उभ्या लाकडी दांड्याच्या टोकाला पोलादी अणी, दांड्याभोवती दोरीचा एक वेढा, दोरी धनुकलीला बांधलेली. एका हाताने वरची वाटी दाबायची, दुसऱ्याने धनुकली पुढे-मागे ओढायची. सामता एकदा उजवीकडे फिरतो, एकदा डावीकडे.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर तुम्हाला गोरोबाकाकांमुळे माहीत असेल. संत गोरा कुंभारांचं हे गाव त्याआधी हजारेक वर्षं ‘तगर’ म्हणून ओळखलं जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचंही नाव आहे. दक्षिणेतली मोठी बाजारपेठ म्हणून. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या वस्तू आहेत, त्यात मणी आहेत. शंखाचे, मातीचे, रंगीत दगडांचे. शाळेच्या सहलीत मी ते पाहिले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, की अकीकासारख्या कठीण दगडाचा छोटासा मणी घेऊन त्याच्या बरोबर मधून, आरपार, सरळ भोक पाडायचं म्हणजे काय काम असेल! गुजरातेत खंबातला अजूनही कारागीर धनुकलीने अकीक भोकतात. टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवतात, आणि दोन्ही बाजूंनी पाडत आणून भोक मध्ये जुळवतात.

सामत्याची अडचण दोन प्रकारची होती. एक म्हणजे तो अर्धा वेळ उलटा फिरतो. दुसरी म्हणजे त्याची अणी दांड्यात पक्की ठोकलेली असते. वेगळ्या मापाचं भोक हवं तर वेगळा सामता घ्यायचा. फिरणारा दांडा एकच ठेवायचा आणि टोक हवं तेव्हा बदलायचं, तरीही ते टोक बरोबर मध्यावर राहिलं पाहिजे, हे कोडं सुटायला एकोणिसावं शतक संपावं लागलं.

मोर्स आणि जेकब्स

ते सुटलं अमेरिकेत, दोन टप्प्यांत.

स्टीफन मोर्स नावाच्या माणसाने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. आज हार्डवेअरच्या दुकानात जो ड्रिल बिट मिळतो, दोन नागमोडी खाचा असलेला, तो हाच. खाचेतून चुरा आपोआप वर येतो, म्हणून ड्रिल अडकत नाही. मोर्सचं नाव आणखी एका गोष्टीला चिकटलं आहे. मशीनच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, खालून एक निमुळतं भोक असतं. तेवढाच निमुळता दांडा त्यात दाबून बसवला की तो नुसत्या घर्षणाने धरून राहतो. स्क्रू नाही, खिळा नाही. याला मोर्स टेपर म्हणतात. उतार साधारण वीसास एक असा, म्हणजे वीस मिलिमीटर लांबीत जाडी एक मिलिमीटरने कमी होते. बाटलीला बूच बसावं तसा तो बसतो, पण दोन्ही बाजू पोलादाच्या आणि आरशासारख्या गुळगुळीत. काढायचा असेल तर स्पिंडलच्या बाजूला एक फट असते, तिच्यात ड्रिफ्ट नावाची चपटी पाचर घालून हलका ठोका द्यायचा. टेपर सुटतो.

दुसरा टप्पा आर्थर जेकब्सचा. त्याआधीचे चक पान्याने आवळायचे असत. सांगतात की एकदा पाना निसटला, जेकब्सच्या बोटांची सालं निघाली, आणि तो वैतागून नवं काही शोधायला बसला. १९०२ साली त्याला पेटंट मिळालं. आज जगभर कुठेही ड्रिल मशीनच्या तोंडाशी जो चक दिसतो, त्याची मूळ रचना हीच आहे.

तो कसा चालतो हे मला चक उघडल्यावरच नीट कळलं. आत तीन जबडे असतात. आमच्याकडे कामगार त्यांना ‘जॉ’ म्हणतात. हे जबडे तीन तिरप्या भोकांत बसतात, आणि त्यांच्या पाठीवर आटे कापलेले असतात. तिन्हींभोवती एक नट असतो, दोन अर्ध्या तुकड्यांचा, आणि नटावर बाहेरची कडी दाबून बसवलेली. कडीच्या काठाला दाते. चावीच्या टोकालाही दाते. चावी फिरवली की कडी फिरते, कडीबरोबर नट फिरतो, नट तिन्ही जबड्यांना एकाच वेळी, सारख्याच अंतराने खाली ढकलतो. भोकं तिरपी असल्यामुळे खाली येता येता जबडे एकमेकांजवळ येतात. मध्ये ठेवलेला ड्रिल आपोआप मध्यावर धरला जातो.

मध्य कारागिराला शोधावा लागत नाही, चक शोधतो. तेरचा मणीकार जे डोळ्याने आणि हाताने करत असेल, ते काम या मुठीएवढ्या वस्तूने अंगावर घेतलं. आणि म्हणूनच चक बिघडला की माणसाला वाटतं, आपला हातच बिघडला.

हाली आणि कलदार

आमच्या मशीनला हा चक कुठून आला, ते सांगायचं तर पणजोबांपासून सुरुवात करावी लागेल.

पणजोबा गावचे लोहार. भाता, ऐरण, घण, सांडशी हा सगळा संसार. शेतकऱ्यांच्या कुळवाच्या फासा शेवटायच्या, विळे-खुरपी करायची, बदल्यात सुगीला धान्याचं बलुतं. तामलवाडी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. दक्षिणेला पुढची गावं सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजांची. मधली हद्द ही आज जिल्ह्याची आहे, तेव्हा दोन राज्यांची होती. अलीकडे उर्दू दफ्तर आणि हाली शिक्क्याचा रुपया, पलीकडे इंग्रजांचा कलदार. माल हद्द ओलांडून आणायचा तर निजामाच्या जकात खात्याला, करोडगिरीला, पैसे मोजायचे. पणजोबा सोलापुरात भंगार लोखंड घ्यायचे आणि गाडीत कडब्याखाली लपवून आणायचे, असं आजोबा सांगायचे. आता त्याच रस्त्यावर टोल नाका आहे. अण्णा टोलच्या रांगेत गाडी थांबली की हमखास म्हणतात, “करोडगिरी भरा.”

सोलापूर मात्र वेगळ्या जगात होतं. १८७७ साली तिथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी मिल’ झाली. मग एकामागून एक गिरण्या आल्या. गिरणी म्हटलं की आपल्याला साचे आणि कामगार आठवतात. पण प्रत्येक गिरणीच्या पोटात एक वर्कशॉप असे. हजारो चाकं, दांडे, गिअर रोज झिजणार, मोडणार. ते दुरुस्त करायला लेथ, ड्रिल, शेपर आणि ते चालवणारे फिटर-टर्नर लागत. यंत्रं बहुतेक विलायतेची.

आपल्या माणसांनी स्वतः यंत्रं बनवायची ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेना. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या लेखाच्या वाचकांना एक गोष्ट आवडेल. १९२० साली याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. नांगर आणि साहित्य एकाच आवारातून बाहेर पडत होतं. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला किर्लोस्करांनी लेथ बनवायचा कारखाना काढला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, विलायतेहून यंत्रं येणं अवघड झालं होतं. आमचा लेथ हरिहरचाच आहे, जुना हातफिरवा घेतलेला.

निजामाच्या राज्यातही त्याच युद्धकाळात असा कारखाना निघाला. १९४३ साली सिकंदराबादला ‘प्रागा टूल्स’ सुरू झाला. म्हणजे आमच्या संस्थानाच्या राजधानीशेजारी मशीन टूल बनत होते, आणि आमच्या गावात पणजोबा अजून लाल तापवलेल्या लोखंडात सुंब्याने भोक पाडत होते. सुंबा म्हणजे टोकदार पोलादी दांडा. तो ठेवायचा आणि वरून घण मारायचा. भोक पडतं, पण त्याला माप नसतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. एक फौज सोलापूरकडूनच आली. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. हद्द उठली. पुढच्या वर्षी आजोबा सोलापूरच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. लोहाराचा मुलगा म्हणून त्यांना घण दिला, पण त्यांचं लक्ष ड्रिल मशीनवर. दोन वर्षांनी मशीनला हात लावायला मिळाला. तिथे ते फिटर झाले. आयटीआय नाही, सर्टिफिकेट नाही, पाहून पाहून शिकलेले.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांचे पैसे अडकले आणि वर्कशॉपमधली यंत्रं भंगारवाल्यांकडे गेली. आजोबांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडून ज्या ड्रिल मशीनवर पंचवीस वर्षं काम केलं होतं, तेच विकत घेतलं, वजनावर. बैलगाडीतून ते तामलवाडीला आलं. त्या मशीनला एक चक होता, त्यावर जेकब्सचं नाव आणि ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेलं.

अण्णांनी त्याच मशीनवर संसार उभा केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याकडची गावं नव्याने बांधली गेली, तेव्हा खिडक्यांच्या ग्रिलची कामं आमच्याकडेही आली. मी तेव्हा लहान होतो. रात्री झोपेत मशीनचा आवाज यायचा तो आठवतो.

मोजणी

आता त्या ४१ प्लेटा.

आधी मी मशीनला हातच लावला नाही. प्लेटा उचलून पाहिल्या. अण्णा भोक पाडायच्या आधी प्लेटवर चुन्याचा हात मारतात, आखणीने रेघा ओढतात आणि रेघा जिथे छेदतात तिथे पंच मारतात. भोक पडल्यावर पंचची खूण जाते, पण रेघा उरतात. मी रेघांची अंतरं मोजली. एकेचाळीसच्या एकेचाळीस प्लेटांवर आखणी बरोबर होती. कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक नव्हता. चुकली होती ती भोकं. तीही ठरावीक बाजूला नाही. कुठे डावीकडे, कुठे खाली.

हात चुकत असता तर रेघाही चुकल्या असत्या.

मी हे अण्णांना दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग मशीन चालू केलं, चकमध्ये बारीक ड्रिल लावला आणि मला म्हणाले, “बघ बरं.” ड्रिलचं टोक एका जागी फिरत नव्हतं, हवेत छोटं वर्तुळ काढत होतं. “चक हलायलाय,” ते म्हणाले. “मला वाटायचं माझे डोळेच हलायलेत.”

टोक असं वर्तुळात फिरत असेल तर ते पंचच्या खुणेत नेमकं उतरत नाही. वर्तुळाच्या ज्या बाजूला आधी पकड मिळेल तिथून घुसतं. म्हणून प्रत्येक भोक वेगळ्या दिशेला.

मी सोबत डायल गेज आणलं होतं. घड्याळासारखी तबकडी असते, काट्याचा एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते तपासलं, अशी कथा आहे. आम्ही तसेच एकेक भाग तपासत गेलो.

पहिल्यांदा चकमध्ये एक सरळ घासलेला पोलादी दांडा धरला, खालच्या टोकाला डायल लावलं आणि स्पिंडल हाताने फिरवला. काटा ४५ घरं हलला, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. मग फटीत पाचर घालून चक आणि त्याचा टेपर दांडा, म्हणजे आर्बर, बाहेर काढला. स्पिंडलच्या आतलं निमुळतं भोक पुसून तिथे डायल लावलं. काटा २ घरं हलला. आजोबांनी वजनावर घेतलेल्या मशीनचा स्पिंडल अजून ठणठणीत होता.

म्हणजे दोष आर्बरमध्ये नाहीतर चकमध्ये. आर्बर अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवला, आधी खडूने खूण करून. जिथे काटा सर्वांत वर जात होता ती जागा आर्बरबरोबर फिरली. स्पिंडलची शंका उरली नाही.

मग आर्बरच्या अंगाला निळा रंग अगदी पातळ लावला आणि स्पिंडलमध्ये हलकेच बसवून काढला. टेपर नीट बसत असेल तर रंग सगळीकडे सारखा पुसला जातो. इथे वरच्या निमुळत्या टोकाजवळ एका ठिपक्यावर रंग पुसला गेला होता आणि त्याच्या आसपास जसाच्या तसा होता. बोट फिरवलं तर तिथे एक बारीक उंचवटा लागला. मोजला तर पाच शतांश मिलिमीटर. डोक्याच्या केसाची जाडी याहून जास्त असते. पण हा उंचवटा आर्बरला तिरका करत होता, आणि आर्बरपासून ड्रिलच्या टोकापर्यंत जाईतो ती चूक पाच-सहा पट होत होती.

असा उंचवटा आपोआप येत नाही. पोलादावर काहीतरी आदळावं लागतं.

ते कधी आदळलं, हे मला तिथेच आठवलं. २०२० चं टाळेबंदीचं साल. पुण्याचा कारखाना बंद होता, मी गावी होतो, वर्कशॉपमध्ये हात मारत होतो. एके दिवशी मोठा ड्रिल लावायला चक काढायचा होता. ड्रिफ्ट सापडेना. मी फटीत छिन्नी घातली आणि हातोड्याने दोन-तीन ठोके दिले. खाली लाकूड ठेवलं नव्हतं, की दुसरा हात धरला नव्हता. चक आर्बरसकट खालच्या कोब्यावर आदळला. मी उचलला, कपड्याने पुसला, आणि संध्याकाळी परत बसवून टाकला. अण्णा तेव्हा जेवायला गेले होते. मी कधी बोललो नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंय असं मला वाटलंच नव्हतं.

‘दोन-तीन वर्सं झाली, हात बसंना’ असं अण्णा म्हणाले होते.

मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आर्बर माझ्या हातातून घेतला, बोटाने तो ठिपका चाचपला आणि ऑइल स्टोन शोधायला गेले.

दुरुस्ती

तो ठिपका अण्णांनी स्वतः घासला. तेल लावून, अगदी हळू, फक्त उंच भागावर. बाकीच्या टेपरला दगड लागू द्यायचा नाही, नाहीतर माप जातं. अर्धा तास ते घासत होते आणि मध्ये मध्ये निळा लावून मी बघत होतो. रंग सारखा पुसला जायला लागल्यावर थांबलो. चक पुन्हा बसवून दांड्यावर डायल लावलं. ४५ घरांवरून काटा १८ वर आला.

उरलेली १८ घरं चकची होती. अण्णांना तो चक टाकायचा नव्हता, म्हणून आम्ही तो उघडला. जबडे पूर्ण आत घेतले. चकच्या अंगाखाली पाइपचा तुकडा ठेवून, बाहेरच्या कडीला धक्का लागेल अशा बेताने दाबाखाली घेतलं, तेव्हा कडी सुटली. आतून नटाचे दोन अर्धे तुकडे आणि तीन जबडे निघाले. जबड्यांना क्रमांक असतात, ते आपापल्याच भोकात जावे लागतात, कारण तिघांवरचे आटे एकमेकांपेक्षा थोडे पुढे-मागे कापलेले असतात. आत कित्येक वर्षांचा काळा चिकटा होता. घासलेटमध्ये धुतल्यावर खरं दिसलं. जबड्यांची खालची टोकं झिजून बाहेरच्या बाजूला फाकली होती. कर्ण्याच्या तोंडासारखी. ड्रिल नीट आवळला नाही आणि तो चकमध्ये घसरून फिरला, की दर वेळी जबड्याचं थोडं पोलाद जातं. अशी चाळीस-पन्नास वर्षं.

जबडे आणि नट यांचे सुटे संच मिळतात, पण या जुन्या मापाचा संच सोलापुरात मिळाला नाही. झिजलेले जबडे घासून सरळ करणारेही आहेत. पण त्यांचं कठीण केलेलं पोलाद पातळ होतं आणि पुन्हा लवकर झिजतं. हिशेब केला. ४१ प्लेटांचं लोखंड आणि मजुरी जेवढी बुडाली होती, त्यापुढे नव्या चकची किंमत किरकोळ होती. सोलापूरहून १३ मिलिमीटरचा नवा चक आणला, त्याच्या मापाच्या नव्या आर्बरसकट.

बसवताना टेपर आणि भोक दोन्ही कोरडी पुसली. तेलाचा ओशटपणा राहिला तर पकड सुटते. जबडे आत घेतले, म्हणजे ठोका त्यांच्या टोकांवर बसत नाही. मग लाकडाचा ठोकळा चकच्या तोंडाला लावून खालून एकच ठोका. डायलचा काटा ६ घरं हलला. एवढ्या जुन्या मशीनला हे पुष्कळ.

अण्णांनी एक कोरी प्लेट घेतली, चुना लावला, रेघा मारल्या, पंच मारला, चार भोकं पाडली आणि माझ्याकडे न बघता प्लेट माझ्याकडे सरकवली. मी मोजली. बरोबर होती. खरं सांगायचं तर त्यांचा हात थोडा थरथरतो. चहाचा कप धरताना दिसतं. पण आखणी धरली की थरथरत नाही.

पुढच्या चार दिवसांत आम्ही ४१ प्लेटा नव्याने केल्या. वाया गेलेल्या प्लेटांची भोकं वेल्डिंगने भरून पुन्हा पाडता आली असती, पण ड्रिल भरावाच्या कडक जागेवर सरकतो, म्हणून नवीनच कापल्या. कोजागिरीच्या रात्री काम संपलं. बाहेर रस्त्याने सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी होती, हजारो माणसं. आमच्या दारात दरवर्षी पाण्याचे माठ ठेवतात. त्यातल्या एकाने आत डोकावून विचारलं, “एवढ्या रात्री काय चाललंय?” अण्णा म्हणाले, “भोकं पाडायलोय.”

मशीन विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. जुना चक धुऊन, तेल लावून अण्णांनी देवळीत ठेवला आहे.

मी पुण्याला निघालो त्या सकाळी पाहिलं, तर मशीनच्या खांबाला एक वितभर साखळी वेल्ड केलेली होती आणि तिच्या टोकाला ड्रिफ्ट लटकत होता. खाली, मशीनच्या टेबलावर, लाकडाचा एक जाड ठोकळा ठेवला होता.